सहावा नट

परवा इथं कुणीतरी खानापूर रोडचा जुना फोटो टाकला आणि आमच्या आप्पांचं गॅरेज आठवलं. टिळकवाडीच्या पुढं पत्र्याची शेड, दारात चिंचेचं झाड. अँबॅसिडर, फियाट, मॅटाडोर कुठंय दुखतंय ते आप्पा नुसत्या आवाजावरून सांगायचे.

१९७७ च्या थंडीत तिथं एक फोक्सवॅगन कोम्बी येऊन थांबली. जर्मन नवरा-बायको, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान करत आलेले, अनमोड घाटानं गोव्याला निघालेले. गाडी तेल गाळत होती. आप्पांनी मागचं झाकण उघडलं आणि गप्पच झाले. रेडिएटर नाही, पाणी नाही, चार सिलिंडर आडवे, दोन इकडं दोन तिकडं. असलं इंजिन त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

खाली तर सगळीकडंच तेल. चालत्या गाडीचा वारा आणि इंजिनाचा पंखा ते कुठल्या कुठं नेतो, त्यामुळं थेंब पडतो तिथंच गळती असते असं नाही. आप्पांनी तेल बोटावर चोळून हुंगलं. गिअर ऑइलचा उग्र वास नव्हता, म्हणजे इंजिनाचंच. फ्लायव्हीलमागचं सील गेलं असेल तर इंजिन उतरवायला लागणार होतं. पण त्यांनी घाई केली नाही. रॉकेलनं सगळं धुतलं, वाळवलं आणि मला घरी पिटाळलं, आईच्या पावडरचा डबा आणायला! "इंजिनाला पावडर लावायलाय की काय?" आई म्हणाली.

पावडर मारून देसूरपर्यंत जाऊन आलो. फ्लायव्हीलजवळ पांढरं कोरडं. दोन्ही टॅपेट कव्हरच्या कडा मात्र ओल्या. आतलं कॉर्कचं गॅस्केट पापडासारखं कडक झालेलं. कॉर्कच्या शीटमधनं नवीन कापून बसवलं. आप्पा एकदम खुशीत.

जाता जाता ऑइलही बदलूया म्हणाले. त्या इंजिनात अडीच लिटरच तेल, फिल्टर नाही, नुसती जाळी. तिचं गोल झाकण सहा बारक्या नटांवर. "हलक्या हातानं रे," आप्पा म्हणाले. मी सतरा वर्षांचा, हात मॅटाडोरवर बसलेला. सहावा नट आवळताना पान्याखाली काहीतरी सैल पडलं. आटे गेले, हे मला तेव्हाच कळलं. (ते केसिंग मॅग्नेशियमचं आणि मऊ असतं, हे पुढं कधीतरी वाचलं.) मी फडक्यानं पुसलं आणि बोललो नाही.

सकाळी गाडीखाली रुपयाएवढा डाग. आप्पा पुन्हा खाली आडवे झाले. पुशरॉडच्या आठ नळ्या एकेक करून बघत होते आणि टॉर्च धरून मी उभा. "ही गाडी मला कळली नाही बघ. पैसे परत देतो, मुंबईला जाऊ दे त्यांना." आप्पांच्या तोंडून असलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, "पावडर दे एकदा."

डबा हातातच होता. म्हटलं, "आप्पा, सहावा नट."

त्यांनी हात लावला. नट बोटानं फिरला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लेथवाल्याकडनं खाली आठ एमएम, वर सहा एमएमचा स्टड करून आणला, केसिंगला नवे आटे पाडले आणि संध्याकाळपर्यंत बसवला. मजुरी घेतली नाही. जर्मनाला छातीवर बोट ठेवून म्हणाले, "माय मिस्टेक."

रात्री जेवताना आईनं विचारलं, "माझा डबा कुठाय रे?"

मी ताटातच बघत होतो. आप्पा म्हणाले, "गॅरेजातच राहू दे. लागतोय."