ज्वारीच्या मुलखातून चीनकडे पाहताना

सोलापुरातल्या एका वाचनालयाने ‘राष्ट्राची संस्कृती कशाने घडते’ या विषयावर बोलण्याचे निमंत्रण मला दिले, तेव्हा तुलनेसाठी चीन घ्यावा हे ठरवायला मला वेळ लागला नाही. कारण ज्या गावच्या भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे बालपणीचे घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे, त्या गावच्या माणसाला चीन हा देश ग्रंथांतून भेटण्याआधी त्या घरातून भेटलेला असतो. १९१० साली इथे जन्मलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमध्ये गेले, येनानहून पुढे आघाडीवरच्या डोंगराळ मुलखात पोहोचले, १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, ग्वो छिंगलान या परिचर्या-शिक्षिकेशी विवाहबद्ध झाले, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात अपस्माराने निवर्तले, हा तपशील सोलापूरकराला नव्याने सांगावा लागत नाही. मला ध्यास लागला होता तो एका प्रश्नाचा: हा सोलापूरचा तरुण तिथल्या खेड्यात राहू लागला तेव्हा त्याला रोजच्या व्यवहारात परके काय वाटले असेल, आणि ओळखीचे काय?

ग्रंथांनी जे पुरवले ते पुष्कळ होते. कन्फ्यूशियसची नीती, ताओ, बौद्ध धर्माचे पश्चिमेकडून झालेले आगमन, सनदी परीक्षांची शतकानुशतके चाललेली परंपरा, निरनिराळ्या बोली बोलणाऱ्यांना एकत्र बांधणारी एकच लिपी, या सर्वांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि कोटणीस जिथे राहिले त्या ताइहांग पर्वतातल्या निरक्षर शेतकऱ्याचे जिणे त्यातून नजरेसमोर उभे राहीना. म्हणून मी दप्तर बाजूला ठेवले आणि चुलीपासून आरंभ केला.

उत्तर चीन म्हणजे भाताचा देश नव्हे. राळा हे धान्य तिथेच प्रथम माणसाळले. येनानच्या परिसरातले लोक त्यावरच जगत. आणि हेबेईच्या शेतांत तर ज्वारीही उभी असे. म्हणजे मंगळवेढ्याच्या मालदांडीवर वाढलेल्या आमच्या मुलखातला माणूस दूरदेशी गेला तो धान्याच्या दृष्टीने आपल्याच शिवारात गेला. भेद होता तो धान्याचे पुढे काय करायचे यात. डोरियन फुलर हे पुरावनस्पतिशास्त्रज्ञ असे प्रतिपादन करतात की पश्चिम आशियात माणूस मडके घडवण्यापूर्वीच धान्य दळू आणि भाजू लागला, तर पूर्व आशियात शेतीच्या आधी हजारो वर्षे मडके आले व त्यात उकडणे-वाफवणे रुजले. आणि या दोन रीतींचा संबंध, देवाला धूर पोहोचवावा की पितरांपुढे शिजवलेले अन्न वाढावे, इथपर्यंत जाऊन भिडतो. हा सिद्धांत मला अतिशय मोलाचा वाटतो. संस्कृतीचा विचार करणाऱ्यांनी स्वयंपाकघराकडे फार काळ दुर्लक्ष केले आहे.

त्याची प्रचीती घ्यावी म्हणून मी कडक भाकऱ्या करून विकणाऱ्या एका मावशींच्या चुलीशी जाऊन बसलो. आधणाच्या पाण्यात मळलेला गोळा परातीत तळहाताने गोल फिरत पसरत होता, तव्यावर पडताच वरून पाण्याचा हात फिरत होता, आणि दोन्ही बाजू शेकल्यावर फडक्याने दाबत दाबत त्यातला ओलावा असा काढला जात होता की ती भाकरी कित्येक दिवस टिकावी. “पीठ ताजं पायजे सर,” त्या म्हणाल्या, “शिळ्या पिठाची भाकरी कडंनं चिरती.” राळ्याचे काय करता, असे विचारताच उत्तर आले: भोगीला भात! म्हणजे राळा उकडण्याची रीत आमच्याकडेही होतीच. ती सणापुरती उरली होती, इतकेच.

यानंतर मी मृतांकडे वळलो. चीनमध्ये एप्रिलच्या आरंभी छिंगमिंगच्या दिवशी लोक पूर्वजांच्या थडग्यांवर जातात, ती झाडून स्वच्छ करतात, अन्न ठेवतात. शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या दफनभूमीत विसावलेल्या कोटणिसांच्या वाट्यालाही ती माया आली, ही गोष्ट मला विलक्षण हृद्य वाटते. ज्या कुळात देह अग्नीला द्यायचा व अस्थी पाण्याला, त्या कुळातल्या पुत्राला परक्या भूमीने कायमची जागा दिली. ‘ते पुरतात, आम्ही दहन करतो’ हे विधान टिपणवहीत उतरवण्याआधी मात्र मी १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले, आणि तिथे जातवार नोंदींत, कोणी दहन करतात व कोणी दफन करतात याचा मजकूर पानोपानी आढळला. इथला लिंगायत समाज मृताला बसवून माती देतो. मुसलमान दफन करतात. आणि बाराव्या शतकात ज्यांनी अनुयायांसह तलाव खोदला, गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली, कन्नडमध्ये वचने रचली, त्या सिद्धरामेश्वरांची समाधी तर त्याच तलावातल्या मंदिरात, गावाच्या हृदयस्थानी आहे. संक्रांतीच्या यात्रेत बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वज पेलून त्या लिंगांची परिक्रमा करतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, तेव्हा कन्नड, तेलुगू, मराठी बोलणारे सारे सोलापूर एका समाधिस्थ पुरुषाच्या विवाहाला हजर असते. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले आमचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, यांची नावे नुसती ओळीने घेतली तरी ‘आमची संस्कृती’ या शब्दांत किती घरे सामावली आहेत ते कळते.

व्याख्यानात मी हे सर्व मांडले. चीनला मोजण्याचे आमचे मापच एकसंध नाही हेही सांगितले. सभा संपल्यावर गिरणीत आयुष्य घालवलेले एक पद्मशाली गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “धान्याचं सांगितलंत, पण मागाचं राहिलं की. रेशीम त्यांचंच ना?” आक्षेप रास्त होता. चिनी सातव्या महिन्याच्या सप्तमीला तिथल्या मुली आकाशातल्या विणकर-कन्येकडे हाताचे कौशल्य मागत, आणि ती तिथी बहुधा आमच्या श्रावणातच येते, ज्या महिन्यात नारळी पौर्णिमेला सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो. हे मी त्यांना सांगताच त्यांनी मला मार्कंडेय मंदिरात येण्याचे निमंत्रण दिले, आणि संशोधनाचा पुढचा भाग आम्ही दोघे मिळून तिथून सुरू करत आहोत.