तीन स्टेशनांपलीकडचा पर्याय

हॉस्पिटलं वाढली की स्पर्धा वाढते आणि स्पर्धा वाढली की दर उतरतात, असं आमच्या ऑफिसात जेवताना एकमताने ठरतं. मोबाइल डेटाचं तसंच झालं ना, मग उपचारांचं का होणार नाही? हे बोलणारे बहुतेक जण ठाण्यात राहतात. मी टिटवाळ्यात राहतो.

टिटवाळ्यात दवाखाने आहेत, छोटी नर्सिंग होम आहेत. पण मोठं दुखणं आलं की गाडी कल्याणकडेच वळते. आंबिवली, शहाड, कल्याण: लोकलने तीन स्टेशनं. रस्त्याने किती वेळ लागेल, ते शहाडचा पूल ठरवतो.

2002 च्या स्पर्धा कायद्यात 'संबंधित बाजारपेठ' नावाची एक कल्पना आहे. एखादी कंपनी बाजारात वरचढ आहे का, हे तपासण्याआधी विचारायचं: बाजार कशाचा आणि कुठवरचा? मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझा बाजार थेट दादरपर्यंत पसरतो. चार ठिकाणी दर विचारता येतात, दोन महिने थांबता येतं. छातीत कळ आली की तोच बाजार आक्रसतो. रात्री दोन वाजता तो एका दारापुरता उरतो.

दोन वर्षांपूर्वी बाबांना आम्ही असंच, जे पहिलं उघडं सापडलं त्या खासगी हॉस्पिटलात दाखल केलं. डिपॉझिट भरल्यावर वर नेलं. सकाळी आई हळूच म्हणाली, "दुसरीकडे हलवायचं का रे?" मी मोबाइलवर दोन-तीन ठिकाणची चौकशी केलीही. पण आयसीयूतला माणूस म्हणजे कॅब नव्हे, एक रद्द करून दुसरी बोलवायला. तेवढ्यात औषधांची चिठ्ठी आली. "खालच्याच मेडिकलमधून घ्या," नर्स म्हणाली. बाबा बरे होऊन घरी आले. बिलासाठी आईने एफडी मोडली.

2015 मध्ये दिल्लीतल्या एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती: हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये सिरिंज बाहेरच्यापेक्षा महाग मिळते. 2018 मध्ये आयोगाने तपास आणखी वाढवायला सांगितला. मुद्दा साधा होता. दाखल झालेला पेशंट अडकलेला असतो, त्याच्यापुरता बाजार त्या इमारतीतच संपतो. बाहेर दहा हॉस्पिटलं एकमेकांशी झुंजत असली तरी आत स्पर्धा शून्य. मार्च 2025 मध्ये हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. न्यायालयाने धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोडलं.

दरम्यान मालकी एकवटतेय. पुण्याचं सह्याद्री 2019 मध्ये एव्हरस्टोन या गुंतवणूक कंपनीकडे गेलं, 2022 मध्ये कॅनडातल्या शिक्षकांच्या पेन्शन फंडाकडे, आणि 2025 मध्ये मणिपालने ते घेतलं. कल्याणमध्ये हॉस्पिटल चालवणाऱ्या फोर्टिसची सूत्रं 2018 पासून मलेशियाच्या आयएचएचकडे आहेत. मोठ्या साखळ्यांकडे चांगली यंत्रं, चांगले डॉक्टर येतात, हे खरंच. पण रात्री दोनच्या त्या दारावरचा दर खाली कोण ओढणार?

इंग्लंडमध्ये 2013 साली बोर्नमथ आणि पूल या शेजारशेजारच्या गावांतल्या हॉस्पिटलांचं विलीनीकरण तिथल्या स्पर्धा आयोगाने अडवलं. दोन्ही सरकारी, दोन्हीकडे उपचार मोफत. तरीही एक झाली तर चांगली सेवा देण्याचा दबाव जाईल, असं आयोगाचं म्हणणं. त्यावर तिथे खूप टीका झाली आणि पुढे 2020 मध्ये ती एक झालीच. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: सरकारी हॉस्पिटलही स्पर्धक असतं.

आमच्याकडे हा स्पर्धक 'रेफर' करून मैदान सोडतो. कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयातून कळव्याला, कळव्यातून शीवला किंवा केईएमला. कळव्याच्या रुग्णालयात ऑगस्ट 2023 मध्ये चोवीस तासांत 18 पेशंट दगावले, तेव्हा ही साखळी शेवटी कुणाच्या अंगावर येते ते सगळ्यांनी पाहिलं.

म्हणून आमच्या भागात नवं खासगी हॉस्पिटल येतंय म्हटल्यावर मला आनंद होतो, पण अर्धाच. तिथे स्पर्धा आणायचा सगळ्यात स्वस्त मार्ग पालिकेच्याच हातात आहे: रुक्मिणीबाईत रात्री दोनलाही डॉक्टर, मशीन आणि खाट खात्रीने मिळणं. शेजारी असं दार उघडं असलं की डिपॉझिट मागणाऱ्यालाही जरा जपून आकडा सांगावा लागतो. आणि टिटवाळ्याहून निघालेल्या रिक्षात बसल्या बसल्या, कुठे जायचं हे निदान विचारता तरी येतं.