तांब्याभर पाणी

याच वसतिगृहाच्या आवारात, भाजी आणण्याच्या जुन्या सायकलीच्या दांडीखालून पाय घालून आम्ही सायकल शिकलो. पन्नाशी उलटल्यावर त्याच भांडवलावर पुणे ते महाड हा सुमारे सव्वाशे किलोमीटरचा प्रवास एकट्याने करण्याचे योजिले. १८ मार्चला निघून भोरला मुक्काम केला.

भोर मागे पडले की रस्ता नीरा-देवघर धरणाच्या काठाने वळणे घेत वरंधा घाटाकडे जातो. मार्चचे ऊन, माथ्याजवळ पोहोचेतो दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या. रस्त्यालगतच्या अंगणात एक आजी धान्य पाखडत होत्या. आम्ही पाणी मागितले. "कोणाचे तुम्ही?" त्यांनी सहज विचारले. आम्ही गाव सांगितले, आडनाव गिळले. तांब्या हाती आला. पाणी पिऊन निघालो.

पुढे कोकणाचा तीव्र उतार. ब्रेक आवळून सायकल आवरत होती, मन आवरत नव्हते. सार्वजनिक पाणवठे खुले करणारा १९२३ चा बोले ठराव, १९२४ चा महाड नगरपालिकेचा ठराव, हे आम्ही कित्येक वर्षे वर्गात शिकवत आलो. ठराव कागदावरच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळ भरली तेव्हा त्यांना अर्थ आला. ते पाणी पिऊन परतणाऱ्यांनी त्याच दिवशी मार खाल्ला. आम्हांला तर केवळ एक आडनाव सांगायचे होते!

२० तारखेला चवदार तळ्यावर अभिवादन करताना मान वर होईना.

दुसऱ्या दिवशी बिरवाडीमार्गे परत फिरलो. आता तोच घाट चढायचा होता. सर्वांत हलक्या गिअरवर, जागोजागी उतरून सायकल ढकलत माथा गाठला. बाटलीत पाणी होते, तरी त्याच अंगणात थांबलो.

"आजी, परवा आडनाव सांगायचे राहिले," असे म्हणून आडनाव सांगितले. "आम्ही बौद्ध. चवदार तळ्यावरून आलो. पाणी मिळेल का?"

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग आत गेल्या, तांब्या भरून आणला आणि आमच्या हातात दिला. "चढ चढून आलाय, बसा जरा," म्हणाल्या. आम्ही बसलो. पाणी सावकाश प्यालो.

विद्यार्थ्यांनो, आजींनी तांब्या दिला नसता, तरी तो परतीचा चढ वाया गेला नसता. आडनाव आम्ही त्यांच्यासाठी सांगितले नव्हते.

जयभीम!