नावापुरती अर्धवेळ

काही शब्द मोठे फसवे असतात. ‘अर्धवेळ’ हा त्यांपैकीच एक. ऐकणाऱ्याला वाटते, अर्धे श्रम, अर्धा अभ्यास आणि म्हणून पदवीही अर्धीच! गेली अडीच वर्षे माझी थोरली बहीण अशी ‘अर्धवेळ’ पदवी घेत आहे. दिवसा फोर्टमधल्या एका कचेरीत हिशेबाची नोकरी आणि संध्याकाळी दादरजवळच्या एका संस्थेत वित्त व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे वर्ग. पहाटे पाचला उठून ती तासभर वाचते, पावणेआठच्या सुमारास डोंबिवलीहून गाडी पकडते आणि घरी परतते तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. या दिवसाचा अर्धा भाग कोणता, ते मला अद्याप सापडलेले नाही.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी प्रथम चढली ती ताई, दुसरा मी. आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यांच्या हातचे काम गेले ते कायमचेच. अण्णा तेव्हा दहा वर्षांचे. पुढे नववीत त्यांची शाळा सुटली. आज ते टेंपो चालवतात. आई पोळीभाजीचे डबे करते. अशा घरातली मुलगी बी.कॉम. होऊन नोकरीला लागली म्हणजे गंगेत घोडे न्हाले! ‘आता आणखी कशाला शिकायचे?’ हा प्रश्न शेजाऱ्यांनी तर विचारलाच, पण स्थळे घेऊन येणाऱ्या मामांनीही विचारला.

ताईचे उत्तर साधे होते. ‘कचेरीत मी आकडे भरते. ते आकडे पाहून निर्णय घेणारी माणसे वेगळी आहेत. ते निर्णय कसे घेतात, ते मला शिकायचे आहे.’

व्यवस्थापनाचे शिक्षण म्हटले की आपल्यापुढे उभ्या राहतात त्या १९६१ साली अहमदाबाद आणि कोलकाता येथे स्थापन झालेल्या संस्था. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ सालची. पूर्णवेळ अभ्यासक्रमाला दोन वर्षे लागतात. नोकरदारांसाठी विद्यापीठाने वित्त, विपणन, मनुष्यबळ विकास अशा विषयांचे अर्धवेळ अभ्यासक्रम आखले, ते तीन वर्षांचे.

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हाला ‘संधी-खर्च’ शिकवला. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते आणि त्या सोडलेल्या गोष्टीचे मोल म्हणजे निवडीची खरी किंमत. पूर्णवेळ शिकणारा फी भरतो, शिवाय दोन वर्षांचा पगार सोडतो. आमच्या घरात ताईचा पगार सोडणे म्हणजे घरभाडे, विजेचे बिल आणि माझी फी यांवर पाणी सोडणे. ती पगार सोडू शकत नाही. म्हणून झोप सोडते, सण सोडते, मैत्रिणीचे लग्न सोडते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो शिक्षणाची किंमत पैशात चुकवतो. ज्याच्याजवळ नाही तो ती वेळात चुकवतो. नाणे वेगळे, पण किंमत तीच! किंबहुना थोडी जास्तच.

महिन्याची २० तारीख जवळ आली की जीएसटीच्या विवरणपत्राची घाई. ३१ मार्चला वर्षाचे हिशेब बंद करायचे. नेमकी याच वेळी गटाने करायची टिपणेही डोक्यावर असतात. सहा वाजता उठू लागली की कचेरीतले वरिष्ठ घड्याळाकडे पाहतात आणि हसत विचारतात, ‘शिकून झाल्यावर आम्हाला सोडून जाणार ना?’ इकडे वर्गात हजेरी भरली नाही तर परीक्षेची पंचाईत. दोन दगडांवर पाय ठेवून उभे राहणे ही कसरत सर्कशीत पाहायला बरी वाटते.

पण या शिक्षणाला एक गोडीही आहे. तिच्या वर्गात पंचवीस वर्षांचे तरुण आहेत तसे चाळिशी ओलांडलेले गृहस्थही आहेत. खेळत्या भांडवलाचा धडा चालू असला की एक जण सांगतो, आमच्या कारखान्यात तयार माल तीन महिने पडून होता आणि कामगारांच्या पगाराला पैसे नव्हते. पुस्तकातले वाक्य मग वाक्य राहत नाही. रविवारी ताई मला ताळेबंद समजावून सांगते. एकदा घसाऱ्याचा विषय निघाला. यंत्र दरवर्षी झिजते, म्हणून तेवढी रक्कम खर्चात धरायची. मी विचारले, ‘आईची पाठ झिजते ती कोणत्या खात्यात धरायची?’ ताई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आमच्या पुस्तकात ते खाते नाही.’

गेल्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाची फी भरण्याची वेळ आली आणि त्याच आठवड्यात टेंपोचे इंजिन बसले. दोन्हीला पुरेल एवढे पैसे नव्हते. टेंपो बंद म्हणजे चूल बंद. त्यामुळे निर्णय उघड होता. ताई स्वतःच म्हणाली, ‘एक वर्ष थांबते.’ अण्णा काही बोलले नाहीत. बोलली ती आई. ‘थांबलेली शाळा पुन्हा सुरू होत नसते. या घरात एकदा पाहिलंय ते.’ अण्णांनी मान खाली घातली. आईने दिवाळीसाठी राखलेला भिशीचा नंबर आधी उचलला, त्यातून फी गेली. अण्णांनी इंजिनाचे काम मेस्त्रीकडे हप्त्याने केले. मी सकाळी झेरॉक्सच्या दुकानात बसू लागलो आणि संध्याकाळी डब्यांसाठी कणीक मळू लागलो. अर्धवेळ पदवीला अशी चार पूर्णवेळ माणसे लागली.

मित्रहो, ही वाट आपल्याकडे नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९८९ साली नाशिकला मुक्त विद्यापीठ निघाले. घड्याळ माणसासाठी असते, माणूस घड्याळासाठी नसतो, हे या मंडळींनी ओळखले होते. आपल्याही वर्गात पहाटे वर्तमानपत्रे टाकून येणारे मित्र आहेत. पहिल्या तासाला त्यांना डुलकी लागली तर तिच्यामागचा हिशेब गुरुजनांनी ध्यानात घ्यावा, एवढीच विनंती.

ताईची शेवटची परीक्षा आता जवळ आली आहे. पदवीमुळे बढती मिळेल की नाही, कोणी सांगावे! ‘नाही मिळाली तर?’ असे अण्णांनी परवा विचारले. ‘मग दुसरीकडे अर्ज करीन. आकडे वाचायला तर आले ना!’ ती म्हणाली.

बी.ए. झाल्यावर मलाही नोकरी करीतच एम.ए. करायचे आहे. रात्री उशिरा येणाऱ्या ताईसाठी आई ताट झाकून ठेवते आणि ती जेवेपर्यंत जागी राहते. माझ्या वेळी तिने लवकर निजावे. माझे ताट मी वाढून घेईन.