हरळी आणि चातुर्मास

मांजरी बुद्रुकच्या काळ्या रानात हरळी हा शेतकऱ्याचा जुना वैरी. खडकवासल्याच्या कालव्याने हडपसरच्या पूर्वेला पाणी आणले, ऊस उभा राहिला आणि उसाबरोबर हरळीही माजली. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ढेकळे तापू द्यायची, मग बायकांनी ओळीने बसून काशा वेचायच्या आणि बांधावर ढीग घालून जाळायच्या. एवढे करूनही पेराएवढा तुकडा मागे राहिला, तर मृगाच्या पावसात तो डोके वर काढायचाच. आज त्या रानाच्या मोठ्या भागावर इमारती आणि मंगल कार्यालये उभी आहेत, आणि सोलापूर रस्त्याच्या रोपवाटिकांतून तीच हरळी मातीसकट कापलेल्या तुकड्यांत, चौरस फुटाच्या भावाने विकत घेतली जाते. मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत गेले ते ३० जून २०२१ रोजी. हरळी त्याआधीच शहरवासी झाली होती.

सायनोडॉन डॅक्टिलॉन हे तिचे शास्त्रीय नाव. गणपतीला वाहायची दूर्वा आणि खुरप्याने उपटायची हरळी ही एकच वनस्पती. जमिनीवरून तिचे धुमारे धावतात, जमिनीखालून काशा सरकतात आणि ओलावा मिळाला की पेरापेराला मूळ फुटते. शेतात तिला अजिंक्य करणारा हा गुण लॉनमध्ये उपयोगी पडतो, कारण भोवतालची जमीन भुसभुशीत असेल तर टक्कल ती स्वतःच भरून काढते. तिच्या अटी दोनच, भरपूर ऊन आणि ऊब. आंब्याच्या दाट सावलीत ती टिकत नाही. पुण्यात पौष-माघाच्या रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरला की ती वाढ थांबवून पिवळट पडते. रोपवाटिकेत 'सिलेक्शन वन' नावाची बारीक पात्याची हरळी आणि मेक्सिकन म्हणून ओळखले जाणारे गवतही मिळते. मेक्सिकन दिसायला मखमली, पण वाढीला मंद. एकदा फाटले की सांधायला फार वेळ घेते. वर्दळीच्या जागी देशी हरळीला तोड नाही.

लॉनला टक्कल का पडले, हे नवे गवत आणण्याआधी पाहावे. लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत सहज जात नसेल, तर माती दबली आहे. ठिगळाचे गवत ओढताच मुळांवाचून अलगद हातात येत असेल, तर खाली हुमणी आहे. उसाच्या या जुन्या शत्रूला लॉनही तेवढेच रुचते. वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी तिचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते गोळा करणे हा उसाच्या गावांतला उपाय बंगल्याच्या अंगणातही लागू पडतो. ऊस संशोधनासाठी १९७५ साली स्थापन झालेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था मांजरीतच आहे. हुमणी ओळखणारी माणसे या परिसरात दुर्मीळ नाहीत. चट्टे गोल आणि कडेने गर्द हिरवे असतील, तर दोष बहुधा कुत्र्याच्या मुताचा. पाणी साचते तिथे मुळे गुदमरतात आणि लव्हाळा शिरतो. लव्हाळ्याचे गड्डे खाली राहिले की वरचे उपटणे व्यर्थ जाते.

लॉनवर सगळ्यांत कठीण प्रसंग येतो तो लग्नाचा. पुण्याच्या या बाजूला लॉन घरामागे कमी आणि लग्नाच्या मैदानात जास्त. एका रात्रीत हजार-दीड हजार माणसे त्यावरून चालतात, खुर्च्यांचे पाय मातीत रुततात, मांडवाचे खांब ठोकले जातात, जनरेटरची गाडी मागच्या दाराने आत येते. वरातीच्या फटाक्यांची माळ जिथे लागते तिथे सरळ काळी रेघ उमटते. आचाऱ्याच्या भट्टीशेजारी भाताची गरम पेज ओतली जाते, आणि तो कोपरा पुढच्या मुहूर्तापर्यंत उघडा राहतो. सर्वांत वाईट म्हणजे लाल गालिचा. दुसऱ्या दिवशी दुसरे लग्न असल्याने तो उचलला जात नाही आणि खालचे गवत उजेडावाचून पांढरे पडते. फोटोत हे काही दिसत नाही. छायाचित्रकाराने कॅमेरा खाली वळवला तर वधूच्या शालूच्या काठाखाली धूळ दिसेल. काही ठिकाणी आता प्लॅस्टिकचे हिरवे गवत अंथरतात. वैशाखातल्या दुपारी त्यावर अनवाणी पाय टेकवून दाखवावा.

या मैदानांना तारून नेते ते पंचांग. आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो, लग्ने थांबतात आणि तुळशीचे लग्न लागेपर्यंत मांडव उतरलेले असतात. हेच महिने पावसाचे, उबेचे आणि हरळीच्या भरघोस वाढीचे. पौषातही मुहूर्त विरळ असतात, पण थंडीत हरळी निजलेली, तेव्हा त्या सुट्टीचा तिला उपयोग नाही. चातुर्मासाचे नियम घालणाऱ्यांनी गवताचा विचार केला नसणार. गवताला मात्र तो नियम नेमका लाभला. अलीकडे पंचांगांतून चातुर्मासातही आपत्कालीन मुहूर्त छापले जातात. जोडप्यांची अडचण त्याने सुटते, मैदानाचे हाल वाढतात.

दुरुस्ती म्हणूनच मृगानंतर, जमीन वाफशावर असताना करावी. दबलेल्या जागी दाताळ्याने तीन-चार इंच खोल भोके पाडावीत, त्यावर वाळू आणि चाळलेले शेणखत पातळ पसरून झाडूने भोकांत लोटावे. टकलाची माती उकरून त्यात हरळीच्या कांड्या बोटभर अंतरावर, दोन पेरे मातीत जातील अशा लावाव्यात आणि पायाने दाबाव्यात. मुळे धरली की चौरस मीटरला १० ग्रॅम, म्हणजे गुंठ्याला सुमारे एक किलो युरिया द्यावा आणि लगेच पाणी सोडावे. पात्यांवर राहिलेला दाणा गवत जाळतो. झाडाखाली मात्र गवताचा हट्ट सोडून फरशी घालावी.

यानंतर मशीनचा विचार. गवत कापण्याचे यंत्र १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी केले, तेही लोकरी कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. आजचे ढकलायचे हातमशीन त्याच वंशातले आहे. फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून कात्रीसारखी कापतात. १,०८९ चौरस फुटांच्या एका गुंठ्यापर्यंतच्या सपाट लॉनला याहून चांगले काही नाही, पण वाढलेले गवत त्याला झेपत नाही. दोन ते पाच गुंठ्यांना विजेवरचे किंवा बॅटरीचे रोटरी मशीन पुरते; वायरचे असेल तर ओल्या गवतावर चालवू नये. त्याहून मोठ्या मैदानाला पेट्रोलचे, आपोआप पुढे सरकणारे मशीन घ्यावे. पेट्रोल नेहमी फरशीवर भरावे. सांडलेल्या पेट्रोलने गवत जळते. काळ्या मातीत पावसाळ्यात जड मशीनच्या चाकांचे ठसे उठतात, म्हणून दोन मशीनपैकी हलके निवडावे. सोसायट्यांमध्ये सरसकट वापरला जाणारा ब्रशकटर बांधावरचे तण काढायला उत्तम. लॉनवर तो उंचसखल टक्कल पाडतो.

कापताना एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच काढावा. रोटरीने हरळी तीन-चार सेंटिमीटरवर ठेवावी, हातमशीनने दोनपर्यंत उतरवता येते. दुसऱ्या दिवशी शेंडे पांढुरके दिसले तर पात्याची धार गेली आहे, आणि बोथट महाग मशीनपेक्षा धारदार स्वस्त मशीन केव्हाही बरे. पैसे आधी मातीवर, मग पाण्यावर आणि उरले तर मशीनवर खर्चावेत. ज्या मैदानाला पावसाळ्यातले चार महिने मोकळे सोडता येत नाहीत, तिथे सरळ फरशी घालणे स्वस्त पडते.