अण्णांनी ऐकलेला 'श्वास'

काही चित्रपट असे असतात की त्यांना नावे ठेवायला जीभ रेटत नाही, आणि दुसऱ्यांदा पाहायला बसावे तर धीर होत नाही. 'श्वास' हा माझ्यापुरता तसला चित्रपट.

१९५४ साली 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर पन्नास वर्षे तो मान मराठीकडे फिरकला नाही. २००४ साली 'श्वास'ला सुवर्णकमळ जाहीर झाले, आणि मौज पाहा, दोन्ही वेळा तो मान आणला कोकणातल्याच एका पोराने! राजापूरच्या जवाहर चौकात त्या दिवसांत असा काही आनंद पसरला होता की परक्या माणसाला वाटावे, चित्रपट इथल्या दुकानदारांनीच काढला. पुढे तो ऑस्करसाठी निघाला तेव्हा लोकांनी वर्गण्यासुद्धा काढल्या.

गोष्ट तुम्हांला ठाऊक असेलच. माधवी घारपुरे यांच्या कथेवरून संदीप सावंत यांनी ती पडद्यावर आणली. कोकणातले एक आजोबा नातवाला, परशुरामला, घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. पोराच्या डोळ्यांत कर्करोग. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. शस्त्रक्रिया लांबते तेव्हा आजोबा त्याला गुपचूप बाहेर नेतात आणि दिवसभर शहर दाखवून आणतात. अरुण नलावडे यांचे ते आजोबा पाहताना रडू न आलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

रडलो मीही. पण रडून झाल्यावर मनात काहीतरी खुपत राहिले. मुंबईचे आमचे पाहुणे डोळे पुसत म्हणाले, "काय हो तुमचं कोकण! किती हिरवंगार!" आम्हांला त्या हिरव्या रंगाआड अणुस्कुरा घाट दिसतो. मोठा आजार झाला की हा घाट चढून कोल्हापूर गाठायचे, नाहीतर रात्रीच्या एस.टी.ने मुंबई. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काचबिंदूपायी आम्ही याच घाटाने नेले होते. डॉक्टर फार सभ्य होते. गेलेली नजर परत येत नसते, हे त्यांनी दोनदा समजावून सांगितले.

पुढे 'श्वास' दूरदर्शनसंचावर लागला तेव्हा अण्णा ऐकायला बसले. मी शेजारी बसून जे दिसते ते सांगत होतो. शहर पाहण्याच्या त्या दिवसाचे वर्णन मी जरा रंगवूनच केले. अण्णा गप्प. मग म्हणाले, "त्याचं सांगून गेलं रे. माझं न सांगता गेलं."

मी काही बोललो नाही. चित्रपटातला तो डॉक्टर हट्ट धरतो की पोराला खरे सांगितलेच पाहिजे. मला तो हट्ट आजवर निर्दय वाटत आला होता. पण काचबिंदूत शेवटचा दिवस असा नसतोच. नजर कडेकडेने चोरपावलांनी जाते. आज उंबरठ्याची कड, उद्या ताटातली वाटी. अण्णांना शेवटचे नीट काय दिसले ते त्यांनाही सांगता आले नसते. आणि इथे मी त्या पोराची कीव करीत बसलो होतो!

तरीही शेवटाबद्दलचे माझे भांडण मिटलेले नाही. काळा चष्मा लावलेला परशुराम होडीतून गावाला परत येतो. काठावर माणसे उभी, साऱ्यांचे डोळे भरलेले. संपले! अहो, खरी गोष्ट तिथून पुढे. जांभ्याच्या पायऱ्या, त्यांवर आषाढात शेवाळ, विहिरीचा उघडा काठ, आणि "बिचारा" म्हणायला टपलेली आळी! अण्णांनाही मी हे म्हटले. ते हसले. "तीन तासांत बसायचं नाही ते."

अण्णांनी पायऱ्या मोजून पाठ केल्या होत्या. अर्जुनेला पूर चढला की बाजारातली आवराआवर ऐकूनच ते पाणी कुठवर आले असेल याचा अंदाज बांधायचे. उन्हाळ्याला गंगा आली की, कधी यायची हा तिचा तिच्या मर्जीचा मामला, हट्टाने जायचे. चौदा कुंडांपाशी मी हात धरून नेई. प्रत्येकात ते बोटे बुडवून पाहात आणि कुठले पाणी किती कोमट ते मलाच सांगत. डोळस यात्रेकरू भराभर लोटे ओतून मोकळे होत. आमची स्वारी मात्र सगळ्यांत शेवटी निघे.

एकदा परतताना, मधेच, काही संबंध नसताना त्यांनी विचारले, "त्या सिनेमातलं पोर आता केवढं झालं असेल रे?"

मी म्हटले, "असेल कॉलेजात."

"पोहत असेल," अण्णा म्हणाले. "होडीतनं आला ना? मग पोहतच असेल."