उमापूरचं वेल्डिंगचं दुकान

डिसेंबरच्या सुट्टीत फज्रची नमाज अदा करून आम्ही औरंगाबादहून उमापूरला निघालो. खालाजानकडे दोन दिवस राहायचं होतं. आम्ही दोघं, दोन मुलं आणि गाडी चालवायला मामू. एस.टी.ने जाऊ म्हटलं, तर मामू रुसले. त्यांची गाडी १९६७ची फोक्सवॅगन बीटल, नानांनी मुंबईहून सेकंडहँड आणलेली. मुलं तिला कासव म्हणतात.

या गाडीचं इंजिन मागे असतं आणि तिला रेडिएटर नसतो. पट्ट्यावर फिरणारा पंखा इंजिनावर वारा मारतो, तेवढ्यावर ते थंड राहतं. १९७२च्या दुष्काळात माणसं घोटभर पाण्यासाठी मैलोगणती चालली, तेव्हा या गाडीला पाणी लागत नव्हतं, हे मामू प्रत्येक प्रवासात एकदा तरी सांगतातच. त्या दिवशी पाचोड यायच्या आत दोनदा सांगून झालं.

थंडी कडाक्याची होती. मामूंनी मोठ्या ऐटीत हँडब्रेकशेजारचा दांडा ओढला आणि पायाशी गरम हवा येऊ लागली. मुलं खूश. थोड्या वेळाने मागे बसलेली मुलगी म्हणाली, डोकं दुखतंय. मग मळमळायला लागलं. गाडी लागली असेल म्हणून आम्ही तिला लिंबू हुंगायला दिलं. पण मागून तिची अम्मीही म्हणाली, "माझंही डोकं जड झालंय." तेव्हा मामूंनी करकचून ब्रेक दाबला, चारही बाजूंनी गाडी उघडी केली आणि सगळ्यांना रस्त्याच्या कडेला उभं केलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पुढे हीटर बंद, काचा उघड्या, अशा कुडकुडत आम्ही शहागडला गोदावरी ओलांडली. गेवराईत डॉक्टरांना दाखवलं. तोवर मुलगी बरीच सावरली होती.

दोष कुठे होता, हे उमापूरला कळलं. या गाडीत इंजिनाच्या दोन्ही अंगांना पत्र्याची एकेक पेटी असते. चारपैकी दोन सिलिंडरचा धूर या पेट्यांमधल्या नळ्यांतून सायलेन्सरकडे जातो. नळीभोवती ॲल्युमिनियमच्या पाकळ्या असतात. पंख्याचा वारा त्या तापलेल्या पाकळ्यांवरून जातो आणि ऊब घेऊन माणसांपर्यंत येतो. धूर नळीच्या आत, वारा बाहेर, दोघांची भेट व्हायची नाही. पण नळी गंजून भोक पडलं, की वाऱ्याबरोबर धूरही आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपणारे किंवा बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर चालवणारे दगावतात, ते याच वायूने.

उमापुरात तेव्हा बऱ्याच घरांना कुलपं होती. माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली. हंगामाआधी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी गजबजलेलं वेल्डिंगचं दुकान रिकामंच होतं. मिस्त्री तिशीतले. अशी गाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. आधी नुसतेच तिच्याभोवती फिरले, मग खाली आडवे झाले. गंजलेल्या नटांवर रात्रभर डिझेल सोडून ठेवलं. सकाळी मागची बाजू जॅकवर उचलून ओंडक्यांवर टेकवली, सायलेन्सर उतरवला आणि दोन्ही पेट्या काढल्या.

परीक्षा झाली ती शेजारच्या पंक्चरच्या दुकानात. ट्यूबचं भोक शोधतात तशीच. धुराच्या वाटेची तोंडं लाकडी गुट्ट्या आणि रबर लावून बंद केली, कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि पेटी पाण्याच्या टाकीत बुडवली. उजवी गप्प राहिली. डावी बुडाली मात्र, आणि पाणी उकळल्यासारखे बुडबुडे आले. मुलगी टाकीच्या काठावर हात ठेवून बघत होती. आम्हाला तिच्याकडे पाहवेना.

"ठिगळ लाव बेटा, पैशाचं बघू नको," मामू म्हणाले.

"चाचा, बाहेरचा पत्रा म्हणाल तेवढा लावून देतो. आतल्या नळीला ठिगळ लावणार न्हाई."

मामू चिडले. नानांच्या गाडीतला एक बोल्टही आपण बदलला नाही, वगैरे. मिस्त्रींनी वाद घातला नाही. हातोडीच्या टोकाने त्यांनी नळीचं तोंडाजवळचं उघडं अंग नुसतं टोचलं. टोक आत गेलं. नळी चहूकडून कागदासारखी झालेली. एक भोक बुजवलं, तर वेल्डिंगच्या आचेने शेजारी दुसरं पडणार, आणि पाकळ्यांच्या आत तर हत्यारही पोचणार नाही. मामू बाजेवर जाऊन बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुझं खरं आहे."

उजव्या पेटीचं वरचं कवच फुटलं होतं, तिथे काळ्या पत्र्याचं ठिगळ बसलं. जस्त चढवलेला पांढरा पत्रा मिस्त्रींनी बाजूला सारला, कारण तो जाळला की त्याचा धूर बाधतो. डाव्या बाजूला जाड पाइप वाकवून साधी नळी केली आणि जुन्या पेटीची फ्लँज कापून तिला जोडली. पंख्याकडून तिकडे येणारं वाऱ्याचं तोंड झाकण लावून बंद केलं. ते उघडं राहिलं असतं, तर इंजिनाच्या वाट्याचा वारा वाया जाऊन ते तापलं असतं. झाकण लावायचं मिस्त्रींना सुचलं, मामूंना नाही. मजुरी सांगताना ते लाजले आणि आम्हाला ती कमीच वाटली.

परत निघताना मामूंनी गंजकी पेटी गोणपाटात गुंडाळून पुढच्या डिकीत ठेवली. नवी परदेशातून मागवीन म्हणतात. पाइप, ठिगळ सगळं नीट असूनही हीटरचा दांडा त्यांनी सुतळीने बांधून टाकला होता. शहागडच्या पुलावर गाडी हळू करून त्यांनी एकेकाला विचारलं.

"डोकं?"

"नाही दुखत."

"तुझं?"

"नाही, मामू."